ग्राहकाचा अर्ज आणि जिल्ह्याची कचेरी

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून हा वकिलांचा विषय आहे, असे काहींना वाटले असेल. तसे नाही. सकाळी दुधाची पिशवी घेणारी गृहिणी, रिक्षाचे मीटर पाहून पैसे देणारा प्रवासी, शिकवणी वर्गाची फी भरणारा विद्यार्थी, विम्याचा हप्ता भरणारा कामगार हे सारेच ग्राहक आहेत. बाजारात गेला तो ग्राहक झाला. ज्याच्या हाती पैसा भरपूर आहे, त्याची पाचशे रुपयांची फसवणूक झाली तर तो चिडतो आणि विसरतो. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या घरी त्या पाचशे रुपयांत चार दिवसांचा बाजार येतो. यास्तव हा विषय आपल्या वस्तीचा आहे, आपल्या चुलीचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कायदा आहे, कचेरी आहे, अधिकारीही आहेत. परंतु त्यांची शक्ती आपल्या लेखी अर्जापासून सुरू होते. दुकानाच्या पायरीवर केलेला आरडाओरडा तिथेच विरून जातो. कागदावर लिहिलेली चार ओळींची तक्रार मात्र समोरच्याला उत्तर द्यायला भाग पाडते.

थोडा इतिहास

ग्राहकाला काही हक्क आहेत, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी तेथील संसदेला पाठविलेल्या संदेशात ग्राहकांच्या हक्कांचा उच्चार केला. म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन मानला जातो. आपल्या महाराष्ट्राचाही या चळवळीत मोठा वाटा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यानंतर आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तोच दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

त्यापूर्वी फसलेल्या माणसाला दिवाणी न्यायालयाखेरीज फारसा मार्ग नव्हता. तेथे कोर्ट फी भरावी लागे, वकील द्यावा लागे आणि वर्षानुवर्षे तारखा पडत. हजार रुपयांच्या पंख्यासाठी कोण दावा लावणार? १९८६ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक तक्रार निवारण मंच आणले. पुढे २०१९ चा नवा कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि मंचाचे नाव ‘जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग’ असे झाले. लोकांच्या तोंडी अजून ‘ग्राहक मंच’ हेच नाव आहे. नाव कोणतेही घ्या, दार तेच आहे.

कोणत्या तक्रारीला कोणती कचेरी

आमच्या संस्थेच्या मार्गदर्शन केंद्रात जे लोक येतात, त्यांची पहिली अडचण हीच असते. तक्रार खरी असते, पण कचेरी चुकते. वजनात मारले म्हणून माणूस पोलीस चौकीत जातो, तेथून त्याला तहसीलला पाठवितात, तेथून नगरपालिकेत. तिसऱ्या दिवशी तो नाद सोडतो. म्हणून मुख्य कचेऱ्या लक्षात ठेवल्या पाहिजेत.

पहिली कचेरी वैध मापन शास्त्र यंत्रणेची. जुने लोक यांना वजनमापवाले म्हणतात. वैध मापन शास्त्र कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. दुकानातील काटा, वजने, लिटरची मापे, रिक्षाचे मीटर, पेट्रोल पंपाचे यंत्र हे सारे ठरावीक मुदतीत तपासून त्यावर मुद्रांकन करून घ्यावे लागते. दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी होते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात लावलेले असावे लागते. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे तपासलेले माप ठेवलेले असते. शंका आली तर त्यात पेट्रोल मोजून दाखवा, असे आपण म्हणू शकतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. दोन्हींची बेरीज करून सिलिंडर आपल्यासमोर वजन करून घ्यावा. बंद पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष आणि सर्व करांसहित कमाल किंमत छापलेली पाहिजे. त्या किमतीवर ‘थंड करण्याचे’ म्हणून दोन रुपये जास्त घेण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. अशा तक्रारी वैध मापन निरीक्षकाकडे कराव्यात.

दुसरी कचेरी अन्न व औषध प्रशासनाची. तेलात, तिखटात, दुधात भेसळ असेल, मुदत संपलेला माल विकला जात असेल, तर तक्रार येथे करावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये अशी तरतूद आहे की ग्राहक स्वतःसुद्धा ठरलेली फी भरून विकत घेतलेल्या पदार्थाची अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो.

तिसरी कचेरी तहसीलमधील पुरवठा शाखेची. रास्त भाव दुकानातील धान्याची तक्रार येथे चालते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे आणि त्यानुसार जिल्ह्यासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो.

विजेच्या बिलासाठी वीज कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. बँकेच्या तक्रारीसाठी, आधी बँकेकडे लेखी अर्ज दिल्यावर, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. वजनमाप निरीक्षक किंवा अन्न निरीक्षक व्यापाऱ्यावर कारवाई करतो. तो दंड सरकारजमा होतो, आपल्या खिशात येत नाही. आपले पैसे परत हवे असतील, झालेल्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर जिल्हा आयोगाकडेच गेले पाहिजे. ग्राहक कायद्याचा हा उपाय इतर कायद्यांच्या उपायांशिवाय जादा दिलेला आहे. निरीक्षकाकडे तक्रार केली म्हणून आयोगाचे दार बंद होत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांची कचेरीही या कामात आहे. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि वर्षातून किमान दोन बैठका घ्याव्यात असे कायदा सांगतो. एकाच प्रकाराने पुष्कळ ग्राहक फसत असतील, तर जिल्हाधिकारी चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. पन्नास घरांना एकाच योजनेने फसविले असेल, तर पन्नासांच्या सह्यांचा एक अर्ज तेथेही द्यावा.

आयोगात काय होते

जिल्हा आयोगात एक अध्यक्ष व किमान दोन सदस्य असतात. घेतलेल्या वस्तूची किंवा सेवेची दिलेली किंमत पन्नास लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. ही किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी काहीही नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या तक्रारी या मर्यादेतच बसतात. वकील देण्याची सक्ती नाही. आपण स्वतः उभे राहून आपले म्हणणे मांडू शकता.

पूर्वी सामान्यतः समोरच्याचे दुकान किंवा कचेरी जेथे असेल, किंवा जेथे प्रकार घडला असेल, तेथील मंचात जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दिल्लीच्या कंपनीकडून घरबसल्या मागविलेला माल खराब निघाला, तर त्यासाठी दिल्लीला जाण्याचे कारण राहिलेले नाही.

मुदत लक्षात ठेवा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. उशिराचे सबळ कारण दाखविल्यास आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये.

अर्जात काय लिहावे? आपले नाव व पत्ता, समोरच्याचे नाव व पत्ता, काय घेतले, केव्हा घेतले, किती पैसे दिले, काय बिघडले, आपण त्याला केव्हा कळविले आणि आता आपली मागणी काय आहे. सोबत पावती, वॉरंटी कार्ड, पाठविलेले पत्र आणि प्रतिज्ञापत्र. एवढाच मामला आहे. अर्ज दाखल करून घेतल्यावर आयोग समोरच्याला नोटीस काढतो. त्याला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात आणि फार तर पंधरा दिवस वाढवून मिळतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा बंधनकारक ठरविली आहे.

तडजोडीला जागा दिसली तर आयोग दोन्ही पक्षांना संमती विचारून प्रकरण मध्यस्थीकडे पाठवितो. हा २०१९ च्या कायद्याने आणलेला भाग आहे. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना एका टेबलाशी बसवून मार्ग काढतो. जमले तर लेखी तडजोड होते व आयोग त्याप्रमाणे आदेश करतो. न जमले तर सुनावणी पुढे चालते. तडजोडीला कोणी आपल्याला जबरदस्ती करू शकत नाही.

वस्तूतील दोष दूर करून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, नुकसानभरपाई द्या, अनुचित व्यापारी प्रथा बंद करा, असे आदेश आयोग देऊ शकतो. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आदेशाविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत मुंबईच्या राज्य आयोगाकडे अपील करता येते. परंतु ज्याला पैसे देण्याचा आदेश झाला आहे, त्याला त्यातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. नुसता वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्याला हा चांगला लगाम आहे.

एका शिलाई यंत्राची गोष्ट

आता आमच्या केंद्राकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावे सांगण्याची गरज नाही. वस्तीतील एका भगिनीने बचत गटाचे कर्ज काढून विजेवर चालणारे शिलाई यंत्र घेतले. तिसऱ्या आठवड्यात मोटर जळाली. दोनदा दुरुस्ती झाली, दोनदा पुन्हा बंद पडली. दुकानदार म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे दुकानदाराला विचारा. कर्जाचा हप्ता मात्र कोणाला विचारत नव्हता. तो दर महिन्याला येतच होता.

या भगिनीने एक गोष्ट फार चांगली केली होती. पावती आणि दुकानाचा शिक्का असलेले वॉरंटी कार्ड तिने डब्यात जपून ठेवले होते. आम्ही तिच्याबरोबर बसून दोघांनाही स्पीड पोस्टाने पत्र पाठविले आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. उत्तर आले नाही. मग आयोगात अर्ज केला. फी लागली नाही.

तेथे समोरच्या वकिलाने मुद्दा काढला की ही बाई पैसे घेऊन ब्लाऊज शिवते. म्हणजे यंत्र व्यापारासाठी घेतले. म्हणून ती कायद्याने ग्राहकच नाही. ऐकून ती घाबरली. पण कायद्याने याचा विचार आधीच करून ठेवला आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहक नव्हे, हे खरे. परंतु स्वतः राबून, स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी वस्तू घेतली असेल, तर तो व्यापारी हेतू मानला जात नाही. स्वतःची रिक्षा स्वतः चालविणारा आणि स्वतःच्या यंत्रावर स्वतः शिवणारी, हे दोघेही ग्राहकच आहेत. तिने आयोगापुढे उभे राहून सांगितले, “साहेब, माझ्याकडे कोणी कामाला नाही. मीच शिवते, त्यावरच घर चालतं.” एवढे पुरले.

पुढे मध्यस्थी झाली. यंत्राची पूर्ण किंमत आणि खर्चापोटी काही रक्कम तिला मिळाली. तिने मागितली होती त्याहून भरपाई कमी होती आणि या सर्वात अकरा महिने गेले. दिवाळीचा हंगाम बुडाला तो बुडालाच. हेही आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आयोग म्हणजे जादूची कांडी आहे, असे सांगून आम्हाला कोणाची दिशाभूल करायची नाही. पण अर्ज केला नसता, तर बंद यंत्र आणि चालू हप्ता एवढेच तिच्या घरात राहिले असते.

कायद्याच्या मर्यादा

कायदा म्हणतो, तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेत तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात पुष्कळ प्रकरणांना अधिक काळ लागतो. आयोगांतील अध्यक्ष व सदस्यांची पदे रिक्त राहतात, हे त्याचे एक मोठे कारण. सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये या रिक्त पदांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. कचेरी आपली आहे, तेव्हा तेथील खुर्च्या भरा, ही मागणीही आपलीच असली पाहिजे.

प्रत्येक तक्रार येथे बसत नाही. पूर्णपणे मोफत मिळालेली सेवा यात येत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ही ग्राहक कायद्याखालील सेवा ठरविली, पण जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय त्यातून वगळले. १९९३ च्या निकालाने घरे बांधून देणारी सरकारी प्राधिकरणेही ग्राहकाला उत्तरदायी ठरली. २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाने शाळा-महाविद्यालयांचे शिक्षण कायद्याबाहेर मानले, परंतु शिकवणी वर्ग कायद्याच्या कक्षेत असल्याचे सांगितले. विद्यार्थी मित्रांनो, वर्गाच्या जाहिरातीचा कागद आणि फीची पावती फेकू नका. २०२४ च्या निकालानुसार वकिलांची सेवा मात्र या कायद्याखाली येत नाही.

आपण काय करावे

पहिले, पावती मागावी. २०१९ च्या कायद्याने बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. ‘कच्चे बिल घ्या, स्वस्त पडेल’ असे दुकानदार म्हणतो, तेव्हा तो आपला पुरावा विकत घेत असतो.

दुसरे, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला भिऊ नये. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे. तथापि रंग आवडला नाही, मन बदलले, ही कारणे दोषात मोडत नाहीत. आपणही प्रामाणिक राहिले पाहिजे.

तिसरे, आधी लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत ठेवावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदविता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण पुष्कळदा कंपनीशी बोलून तेथेच प्रश्न सुटतो. नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा.

चौथे, वकिलाची गरज वाटली आणि ऐपत नसली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. हा हक्क आपल्या समाजातील फार थोड्यांना माहीत आहे. येथून घरी जाताना निदान दहा जणांना तो सांगा.

आपल्यातही काही छोटे व्यापारी आहेत. त्यांना आमची विनंती आहे. काट्यावर चालू वर्षाचे मुद्रांकन ठेवा, मागण्याआधी बिल द्या, बिघडलेली वस्तू हसतमुखाने बदलून द्या. गिऱ्हाईक टिकविण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

विद्यार्थ्यांवर आमची एक जबाबदारी आहे. आता तक्रार घरबसल्या संगणकावरूनही दाखल होते. २०२० पासून ई-दाखिल होते आणि २०२५ पासून ई-जागृती हे नवे व्यासपीठ आले आहे. आपल्या आई-वडिलांना हे जमणार नाही. तुम्हाला जमेल. महिन्यातून एक रविवार संस्थेच्या केंद्रात बसा आणि कोणाचा तरी एक अर्ज लिहून द्या. दहा अर्ज लिहिलेत की कायद्याची भाषा पुस्तकाविना कळू लागेल. आणि ज्याचा अर्ज तुम्ही लिहाल, तो पुढच्या वेळी दुकानात पावती मागताना खालच्या मानेने मागणार नाही.